चौथ्या मजल्यावरचं समुद्रफूल

आमच्या घरी येणारा प्रत्येक नवा पाहुणा हॉलमधल्या फिशटँकपुढे थांबतो आणि ठरलेल्या क्रमाने तीन प्रश्न विचारतो. हे फूल खरं की प्लास्टिकचं? खरं, पण फूल नाही. मग झाड आहे का? नाही, प्राणी आहे. आणि पाहुणा कोकणातला असेल तर तिसरा प्रश्न हमखास : हे खातात का? आपल्याकडे तरी नाही, असं सांगितलं की निम्म्या लोकांचा रस तिथेच संपतो. उरलेल्या निम्म्यांसाठी हा लेख.

मी रत्नागिरीची. ओहोटीला खडपात कालवं काढायला जाणाऱ्या बायकांच्या मागे मागे फिरण्यात माझ्या कित्येक सुट्ट्या गेल्या. खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं असे आणि त्यात मऊ, तपकिरी-हिरवे गोंडे डुलत असत. बोट लावलं की चिकटायचे आणि दुसऱ्या क्षणी मिटून जेलीचा गोळा व्हायचे. खडपातल्या प्रत्येक खाण्याजोग्या जिवाला आमच्याकडे नाव होतं. या गोंड्यांना मात्र कोणी काही म्हणत नसे. 'समुद्रफूल' हा शब्द मला पुढे पुस्तकात भेटला. कुवेतमध्ये सगळे 'ॲनिमोन' म्हणतात, आणि आमच्या घरच्या ॲनिमोनचं नाव कमळी आहे.

समुद्रफूल हे जेलीफिशचं आणि प्रवाळाचं भाऊबंद. त्याला मेंदू नाही, हृदय नाही, डोळे नाहीत. खाली खडकाला धरून ठेवणारा पाय, वर हातांचं झुबकं आणि मधोमध एकच तोंड. खाणं तिथूनच आणि चोथा टाकणंही तिथूनच. बोटाला चिकटल्यासारखं वाटतं, ते खरं म्हणजे त्या हातांतून सुटलेले असंख्य सूक्ष्म बाण असतात. आपल्या बोटांच्या जाड कातडीला बहुधा काही होत नाही, पण माश्याच्या पिल्लाचा जीव जातो. या विषाला हलकं समजू नये. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे याने समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. पहिल्या वेळी वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने दगावला. त्यातून ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, जगाला समजली आणि रिशेला १९१३चं नोबेल मिळालं. म्हणून टँकमध्ये हात घालताना मी हातमोजे घालते आणि नंतर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावत नाही.

पण मला या प्राण्याची सगळ्यात नवलाची गोष्ट वाटते ती त्याच्या वयाची. माणूस, कुत्रा, मांजर जसे म्हातारे होतात, तसं समुद्रफूल म्हातारं होताना दिसत नाही. पाणी बिघडलं, उपासमार झाली, कोणी खाल्लं तर ते मरतं. नाहीतर जगत राहतं. सर जॉन डॅलियल नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. ना पंप, ना दिवा, ना फिल्टर. समुद्राचं ताजं पाणी आणून बदलायचं आणि अधूनमधून शिंपल्याचा तुकडा भरवायचा, एवढंच. डॅलियल १८५१ मध्ये वारले. बरणी दुसऱ्याकडे गेली, त्याच्याकडून तिसऱ्याकडे, असं करत शेवटी एडिंबराच्या बोटॅनिक गार्डनमधल्या मंडळींकडे आली. लोक तिला 'ग्रॅनी' म्हणत. १८८७ मध्ये ही आजी गेली, तेव्हा वर्तमानपत्राने तिचा मृत्युलेख छापला. एकोणसाठ वर्षं बरणीत! तिच्या पहिल्या मालकापेक्षा ती छत्तीस वर्षं जास्त जगली.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आधी इकामा आठवला. आपला इथला मुक्काम वर्ष-दोन वर्षांच्या शिक्क्यांवर चालतो. सोफा घेतानाही आपण 'जाताना विकला जाईल ना?' हा विचार करतो. अशा माणसांनी साठ वर्षं जगू शकणारा प्राणी पाळायचा म्हणजे गंमतच.

कमळी आमच्याकडे आली तीही कुणाच्या तरी जाण्यामुळेच. २०१६ मध्ये सालमियातलं एक नाशिकचं कुटुंब कायमचं परत निघालं. गाडी गेली, फ्रिज गेला, पडदेसुद्धा गेले. तीनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक मात्र कोणी घेईना. वहिनींनी फोन केला, "पैसे नकोत. फक्त हिला बघणारं कोणीतरी हवं." तेव्हा ती त्यांच्याकडे सहा वर्षं होती. जात बबल टिप, हातांची टोकं छोट्या फुग्यांसारखी फुगतात म्हणून हे नाव. घरी पाळायला समुद्रफुलांत हीच त्यातल्या त्यात सोशिक. टँक रिकामा करून, खडक ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून आणि कमळीला झाकणाच्या बादलीत घालून आम्ही अबू हलिफाच्या आमच्या चौथ्या मजल्यावर आणलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सोपं जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पहिले दोन महिने मी रोज रात्री झोपण्याआधी टॉर्च घेऊन तिचं तोंड बघत असे. तोंड घट्ट मिटलेलं असलं की बरं. सैल उघडं पडलेलं दिसलं की धोक्याची सूचना.

समुद्रफूल पाळायचं म्हणजे खरं तर पाणी पाळायचं. आणि कुवेतमध्ये पाणी ही काय चीज आहे! १९५३ मध्ये इथे समुद्राचं पाणी गोडं करण्याचा पहिला मोठा कारखाना चालू झाला. त्याआधी शत्त-अल-अरब नदीचं पाणी गलबतांनी भरून आणत. आज नळाला येणारं पाणी म्हणजे समुद्रातून मीठ काढून, मग चवीसाठी आणि प्रकृतीसाठी थोडं मचूळ भूजल मिसळून आणि क्लोरीन घालून केलेलं पाणी. ते इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत तापतं. उन्हाळ्यात गिझर बंद ठेवून त्यातलंच पाणी 'गार' म्हणून वापरायची युक्ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. असं पाणी माणसाला चालतं, कमळीला नाही. क्लोरीन नको आणि पाइपांतून येणारं तांबं तर मुळीच नको. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण प्रकृतीला चांगलं म्हणून पितो, पण समुद्रफुलाला तांब्याचा अंशही घातक. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, ती या टँकच्या आसपासही आणू नयेत.

म्हणून नळाचं पाणी आरओमधून काढायचं, त्यातले उरलेसुरले क्षार रेझिनने काढायचे आणि मग त्यात टँकचं खास मीठ घालायचं. म्हणजे सरकारने खर्च करून ज्या पाण्यातलं मीठ काढलं, ते मी पुन्हा खर्च करून खारं करते. यजमान याला 'कुवेतचा सगळ्यात उलटा उद्योग' म्हणतात. मीठ लिटरमागे ३५ ग्रॅम. तीनशे लिटरला साडेदहा किलो!

मग समोरच्या समुद्राचंच पाणी का नाही आणत, असं लोक विचारतात. ग्रॅनीला चाललं ना? स्कॉटलंडचा समुद्र वेगळा आणि हा वेगळा. आपल्या आखातातून पाण्याची वाफ फार होते आणि नद्यांचं गोडं पाणी येतं कमी. त्यामुळे कुवेतच्या किनाऱ्याला खारेपणा लिटरमागे ४० ग्रॅमच्या वर जातो. तापमानाचं तर विचारूच नका. ३० जुलै २०२० रोजी कुवेतच्या खाडीत पाण्याचं तापमान ३७.६ अंश नोंदलं गेलं, म्हणजे माणसाच्या अंगाएवढं. हिवाळ्यात तेच पाणी पंधरा अंशांच्याही खाली उतरतं. इथली प्रवाळं, इथली समुद्रफुलं पिढ्यान् पिढ्या हे सोसत आली आहेत. दक्षिणेकडच्या कुब्बर, कारुह आणि उम्म-अल-मरादिम या बेटांभोवती अजून प्रवाळ आहे, यावर आमच्या पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. पण दुकानातून येणारे ॲनिमोन बहुतेक वेळा दूरच्या, शांत, सदा उबदार समुद्रांतले असतात किंवा टँकमध्येच वाढलेले असतात. त्यांना २५-२६ अंश लागतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज तेवढेच लागतात. आज २५ आणि उद्या २९ हे त्यांना खपत नाही.

इथेच एसी आणि चिलर आले. आणि एसीची कोरडी हवा आली, जी टँकमधलं पाणी पिऊन टाकते. उन्हाळ्यात रोज तीन-चार लिटर उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मिठागर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आठवडाभर पाणी टाकलं नाही तर ३५चा खारेपणा ३८च्या पुढे जातो. उडालेलं पाणी भरून काढायचं ते गोड्या पाण्याने, खाऱ्याने नव्हे. नव्याने टँक घेणारे निम्मे लोक हे उलटं करतात. पातळी कमी झाली की आपोआप पाणी सोडणारं यंत्र मिळतं. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर तिच्यावर करा.

उजेडाचं कारण वेगळं आहे. कमळीच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकिणीला देतं. तिचा तपकिरी-हिरवा रंग त्या भाडेकरूंचाच. पाणी तापलं की हे भाडेकरू घर सोडतात आणि समुद्रफूल पांढरं पडतं. शुक्रवार बाजारातल्या किंवा दुसऱ्या कुठल्याही दुकानात कोणी पांढराशुभ्र ॲनिमोन 'दुर्मीळ' म्हणून दाखवला तर हात जोडून पुढे जावं. तो दुर्मीळ नाही, उपाशी आहे. भडक पिवळा किंवा गुलाबी असेल तर रंगवलेलाही असू शकतो. तोंड मिटलेलं, पाय न फाटलेला आणि हात चिकट, असा बघून घ्यावा. शक्यतो टँकमध्ये वाढलेलाच घ्यावा, समुद्रातून ओरबाडलेला नको. आणि टँक नवा असताना घेऊच नये. सहा महिने तरी नुसतं पाणी, खडक आणि दोन मासे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन तिथेच राहिले पाहिजेत.

जेवण सोपं. आठवड्यातून एकदा रुबियानचा, म्हणजे आपल्या कोळंबीचा, नखाएवढा तुकडा. मसाला लावण्याआधी कमळीचा वाटा बाजूला निघतो. मोठे तुकडे देऊ नयेत, दोन दिवसांनी तसेच ओकून टाकते आणि पाणी नासतं.

समुद्रफूल चालतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उजेड किंवा प्रवाह पसंत पडला नाही तर पाय सोडवून, गोगलगाईलाही लाज वाटेल अशा गतीने निघतं. जागा निवडायचा अधिकार त्याचाच. आपण उचलून 'इथे शोभून दिसतं' म्हणून ठेवलं की दुसऱ्या दिवशी तिसरीकडेच. या भटकंतीत पंपाच्या तोंडाशी गेलं तर चिंधड्या होतात, आणि मेलेलं समुद्रफूल काही तासांत सगळा टँक विषारी करतं. म्हणून पंपांच्या तोंडांना स्पंज बांधलाच पाहिजे. कधीकधी ते आक्रसून लिंबाएवढं होतं आणि तपकिरी तार टाकतं. त्याने घाबरू नये, ते पोट साफ करणं असतं. पण तोंड उघडं, अंग लोंबतंय आणि कुजका वास येतोय, असं झालं तर दया न दाखवता बाहेर काढावं.

आणि निमो? २००३च्या त्या सिनेमानंतर मुलांना ॲनिमोन हवा असतो तो निमोसाठी. समुद्रफुलांच्या हजारावर जातींपैकी फक्त दहा क्लाउनफिशला घरात घेतात. त्यातही घराणी ठरलेली आहेत. निसर्गात निमोच्या जातीचा मासा बबल टिपमध्ये राहत नाही. याच आखातात राहणारा क्लार्कचा क्लाउनफिश मात्र दहाही जातींत नांदतो. टँकमध्ये सोयरीक होते पण. आमच्या जोडीने कमळीला तीन आठवडे नुसतं लांबून पाहिलं, मग एका सकाळी दोघं आत शिरले, ते अजून तिथेच आहेत. त्यांच्या अंगावरच्या चिकट लेपामुळे बाण सुटत नाहीत. जोडीतली मोठी ती मादी. ती गेली तर नराचीच मादी होते. हे मी नववीच्या वर्गात सांगते तेव्हा तास संपल्याची घंटा कोणालाही ऐकू येत नाही.

खरी परीक्षा येते ती जूनच्या अखेरीस, आपण सगळे गावाला निघतो तेव्हा. कुंड्या हारिसच्या हवाली करता येतात, समुद्रफूल नाही. आमच्या नशिबाने खालच्या मजल्यावर एक मल्याळी नर्स राहत होती. आम्ही तिला चेची म्हणायचो. नर्सना सगळ्यांबरोबर उन्हाळ्यात रजा मिळत नाही, त्यामुळे चेची जुलै-ऑगस्ट कुवेतमध्येच असे. किल्ली तिच्याकडे. ड्यूटीवरून आली की वर जायची, थर्मामीटर बघायची आणि वहीत लिहायची. रुग्णाच्या तक्त्यासारखे रकाने आखले होते तिने.

ऑगस्ट २०२२. आम्ही रत्नागिरीत. रात्री अकराला चेचीचा फोन. चिलरच्या पंख्याची मोटर जळली होती आणि पाणी ३१ अंशांवर होतं. व्हिडिओत कमळी बटाटेवड्याएवढी आक्रसलेली दिसत होती, तोंड अर्धवट उघडं. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज येत-जात होती, आणि मी फोनच्या दोन काड्या नेटवर्कवर जवळपास तीन हजार किलोमीटरांवरच्या समुद्रफुलाची शुश्रूषा करत होते. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून, झाकण घट्ट लावून टँकमध्ये तरंगत सोडायच्या. पण घाई नाही, दोन तासांत एक अंशाहून जास्त उतरवायचं नाही, नाहीतर तो दुसरा धक्का. दिवे बंद. हवेचा पंप पूर्ण, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. चेची रात्रभर बसली. पहाटे तिने आकडा पाठवला, २६.५. खाली एक ओळ : "पेशंट स्टेबल."

आम्ही परत आलो तेव्हा कमळी पांढुरकी झाली होती. तिचे भाडेकरू परत यायला चार महिने लागले. मध्येच एके दिवशी ती लांब ताणली जाऊ लागली आणि दोन दिवसांत मधोमध फाटून तिच्या दोन कमळ्या झाल्या. बबल टिप असं करते, कधी सुखात, कधी त्रासात. त्यानंतर आणखी दोनदा ती विभागली. आज तिची एक लेक मंगाफला आहे, दोन अब्बासियाला. 'लेक' म्हणायचं झालं. तसं पाहिलं तर त्या सगळ्या कमळीच आहेत.

जून २०२४ मध्ये वीज पुरेना म्हणून भरदुपारी दिवसाला एक-दोन तास भागवार वीज बंद ठेवायची पाळी कुवेतवर आली. उन्हाळ्यात वीज जाणं इथे नवीन होतं. आपल्या लोकांना मात्र तो जुना अनुभव, कोणी मेणबत्त्या शोधल्या, कोणी भारनियमनाच्या आठवणी काढल्या. मी बॅटरीवर चालणारे हवेचे दोन पंप आणले. वीज गेली की आधी प्राणवायू सांभाळायचा, तापमान नंतर. तीनशे लिटर पाणी दोन तासांत फारसं तापत नाही, पण हलणं थांबलेलं पाणी लवकर गुदमरतं. लहान टँकवाल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. शंभर लिटरच्या टँकला कुवेतचा उन्हाळा माफ करत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेची आयर्लंडला गेली. जाताना वही मला देऊन गेली. यंदा आम्ही गावाला आळीपाळीने गेलो.

आता आमचंही ठरलं आहे. यजमानांचा करार मार्चमध्ये संपतो आणि आम्ही रत्नागिरीला परत जातोय. कमळीला नेता येणार नाही. कागदपत्रं, विमानाचे तास आणि मे महिन्यातली आमच्या गावची वीज, या तिन्हींचा विचार मी करून पाहिला. कुवेतच्या समुद्रात सोडणं तर मुळीच नाही. ती या पाण्यातली नाही, आणि तिच्याबरोबर टँकमधलं आणखी काय तिथे जाईल ते सांगता येत नाही.

तेव्हा मंडळातल्या वाचकांपैकी कोणाला कमळी हवी असेल त्यांनी कार्यकारिणीकडे निरोप ठेवावा. वय साधारण पंधरा, नाशिककरांच्या आधीचं धरलेलं नाही. बरोबर क्लाउनफिशची जोडी, चिलर, बॅटरीचे पंप आणि चेचीची वही मिळेल. पैसे नकोत. टँक किमान अडीचशे लिटरचा आणि सहा महिने चाललेला असावा. मी एकदा येऊन पाणी तपासून जाईन, त्याचा राग मानू नये. इकाम्याची किती वर्षं उरली आहेत ते विचारणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये किल्ली कोणाकडे राहणार, ते मात्र आधी सांगावं लागेल.